चित्रासोबत रेखाटनं मागा : प्रदर्शनांच्या आयोजकांना आणि परीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत चित्रप्रदर्शनं आणि चित्रस्पर्धा भरवणारे आयोजक, निवड समित्या आणि परीक्षक यांस,

विषय : शहरात राहणाऱ्या तरुण मुलींची वास्तववादी चित्रं आणि ती निवडण्याची पद्धत

सप्रेम नमस्कार.

शहरातली तरुणी हा विषय दिला की कोणती चित्रं येतात, हे तुम्हालाही पाठ असेल. खिडकीत बसलेली मुलगी, हातात कॉफीचा मग, काचेवर पाऊस, मागे धूसर दिवे. दुसरी लोकलच्या दारात, केस उडतायत. तिसरीच्या तोंडावर मोबाइलचा निळा उजेड. रंगकाम सफाईचं असतं, एकेक केस सुटा दिसतो, आणि बघणारा ‘अगदी फोटोसारखं’ म्हणून पुढच्या चित्राकडे वळतो. त्याचं म्हणणं खरंच असतं. चित्र फोटोवरूनच केलेलं असतं, आणि कित्येकदा तो फोटोही चित्रकाराने काढलेला नसतो.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक चित्रासोबत त्याच मुलीला समोर बसवून केलेली किमान तीन रेखाटनं मागा, आणि त्यातलं एक तरी चित्रापेक्षा वेगळ्या कोनातून केलेलं असावं. पेन्सिल, कोळसा, बॉलपेन, काहीही चालेल. वहीतून फाडलेला कागदही चालेल. रेखाटनांना वेगळे गुण नकोत, ती फक्त चित्राशेजारी ठेवून बघा. प्रोजेक्टरने फोटो कॅनव्हासवर टाकून बाह्यरेषा काढणाऱ्याला समोरून दिसणारा चेहरा मिळतो. तीच मुलगी तीन-चतुर्थांश वळली तर गालाचं हाड नाकाच्या रेषेला कुठे छेदतं, हे त्याला फोटोतून कळत नाही. ही एक अट पुरेशी चाळणी आहे.

फोटो वापरूच नका, असं आमचं म्हणणं नाही. ओढणीच्या चुण्या, बॅगेचे बक्कल, मागची गर्दी यांना फोटोचा उपयोग होतो. चेहरा आणि बसण्याची ढब मात्र फोटोवरून घेतली की चुका ठरलेल्या. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद भिंगाचा असतो. हातभर अंतरावरून टिपलेल्या चेहऱ्यात नाक मोठं होतं, कान मागे सरकतात, कपाळ फुगतं. आपण माणसाला ओळखतो ते साधारण दीड-दोन मीटरवरून बघून, त्यामुळे असा फोटो हुबेहूब उतरवला तरी साम्य येत नाही, आणि चित्रकार बिचारा ओठ पुन्हा पुन्हा खोडत बसतो. दोष ओठांत नसतोच. फोटो घ्यायचाच असेल तर दोन-तीन मीटर मागे सरून दुप्पट झूमवर घ्यावा.

सेल्फीत आणखी एक घोटाळा होतो. बऱ्याच फोनमध्ये समोरच्या कॅमेऱ्याची प्रतिमा आरशासारखी उलटी साठवली जाते. भांग दुसरीकडे जातो, घड्याळ उजव्या हातात येतं, पदर उजव्या खांद्यावर जातो. गुजराती पद्धतीने नेसलेली साडी सोडली तर हा पदर बघूनच परीक्षकाला शंका यायला हवी. (आरशात बघून केलेल्या आत्मचित्रात हे चालतं, तिथे आरसाच समोर असतो.) शिवाय कॅमेरा सावलीचा एक तर काळा डाग करतो किंवा सगळं राखाडी उजळ करून टाकतो, आणि सुंदर दिसण्याचा फिल्टर डोळ्यांखालचा जांभळट करडा रंग पुसून टाकतो. सकाळी सहाला उठून डबा भरून निघणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर नेमकं तेच बघायचं असतं.

त्वचेच्या रंगात सगळ्यात जास्त चित्रं फसतात. बाजारात ‘फ्लेश टिंट’ नावाची तयार ट्यूब मिळते. ती गुलाबी असते, आपल्या कामाची नाही. गव्हाळ रंगाच्या मधल्या छटेसाठी यलो ऑकर (मातकट पिवळा) दोन वाटे, बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) एक वाटा, टायटॅनियम व्हाइट एक वाटा आणि पॅलेट नाइफच्या टोकावर मावेल एवढा अल्ट्रामरीन (गडद निळा), इथून सुरुवात करता येते. सावळ्या रंगाला पांढरा निम्म्याने कमी करून सिएना वाढवावा. उजेडाची बाजू करताना नुसता पांढरा मिसळत गेलं की त्वचा पिठूळ दिसते. सावलीसाठी आयव्हरी ब्लॅक घातला की ऑकरशी मिळून शेवाळी हिरवा तयार होतो आणि मुलगी आजारी वाटते. सावलीत बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन, किंवा इंडियन रेडचा स्पर्श, एवढं पुरतं. सावळ्या त्वचेवरची चकाकी अरुंद आणि ठळक असते, आणि तिच्यात प्रकाशाचा रंग उतरतो. ट्यूबलाइटखाली ती निळसर पांढरी दिसते, पिवळ्या बल्बखाली सोनेरी. ओठांच्या कडा तपकिरी आणि खालच्या ओठाचा मध्य गुलाबी, हा फरक फोटोत सपाट होतो. समोर बसलेल्या मुलीत तो दोन मीटरवरूनही दिसतो.

ही त्वचा रंगवण्याची आपल्याकडे परंपरा आहे. गोव्याचे चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद (1870–1935) यांनी घरच्या बायकामुलींची जी चित्रं केली, त्यांत सावल्या उबदार आहेत आणि कडा विरघळलेल्या आहेत. पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेच्या संग्रहात ती बघायला मिळतात. परीक्षकांनी एकदा ती पाहून यावं, असं आम्ही आगाऊपणे सुचवतो.

उजेडाबद्दल पुस्तकं सांगतात की उत्तरेची खिडकी घ्या. ती पुस्तकं युरोपात लिहिलेली आहेत. ठाणे साधारण 19.2 अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. मार्च ते सप्टेंबरच्या दरम्यान सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊनही उत्तरेच्या खिडकीत शिरतं. स्थिर उजेड हवा तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तेव्हाही समोरच्या टॉवरची काच ऊन परत फेकते, घोडबंदर रोडला तर खिडकी कुठल्याही दिशेची असो, दुसरा सूर्य समोर हजर. समोरच्या इमारतीला पिवळा किंवा विटकरी रंग असेल तर तोही गालावर उतरतो. तो खोडून काढू नये. शहरातला उजेड असाच असतो.

घणसोली, कोपरखैरणे, ऐरोलीच्या सेक्टरांमधल्या पेइंग गेस्ट खोल्या घ्या. एक खिडकी, तिला बाहेर काढलेली ग्रिल, ग्रिलमध्ये वाळत घातलेले कपडे, आणि खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. खिडकीचा उजेड टाइलवर आपटून वर येतो आणि हनुवटीच्या खालच्या बाजूला लागतो. त्यामुळे तिथली सावली जुन्या युरोपीय चित्रांतल्यासारखी गडद पडत नाही. जबड्याच्या कडेला एक फिकट करडी पट्टी येते, मग मानेवरची खरी सावली सुरू होते. ज्या चित्रात ही पट्टी आहे त्याचा चित्रकार त्या खोलीत बसला होता, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. खोलीत टाइल रंगवलेली आहे आणि हनुवटीखाली काळोख आहे, तर चेहरा एकीकडून आणि खोली दुसरीकडून आली आहे.

मोबाइलच्या उजेडाचंही तसंच. हातातल्या दिव्याचा उजेड चेहऱ्यावर घेणारं आपल्याकडचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र सा. ल. हळदणकरांचं. ते म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, जलरंगात आहे, आणि अजूनही अनेकजण ते राजा रविवर्म्याच्या नावावर खपवतात. त्यासाठी हळदणकरांची मुलगी गीता प्रत्यक्ष उभी राहिली होती. ज्योतीसमोर धरलेल्या बोटांच्या कडा लालसर पारदर्शक दिसतात, ते बघितल्याशिवाय सुचणारं नाही. मोबाइलचा उजेड वेगळा वागतो. तो आयताकृती, थंड आणि छातीच्या उंचीवरून येणारा. नाकपुड्यांच्या खालची बाजू उजळते, भुवयांच्या वर अंधार राहतो, बुबुळातला चमकीचा ठिपका खालच्या अर्ध्यात आणि चौकोनी दिसतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डब्यातली किंवा खोलीतली ट्यूब चालू असेल तर फोनचा उजेड चेहऱ्यावर जवळपास दिसतच नाही. दिव्यांनी उजळलेल्या लेडीज डब्यात एकाच मुलीचं तोंड निळं, हे चित्र कितीही देखणं असलं तरी खोटं आहे. अंधाऱ्या खोलीत पांघरुणात बसलेल्या मुलीचं असेल तर गोष्ट निराळी.

आता ढब. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून सुटणाऱ्या ट्रान्स-हार्बर गाडीत चौथ्या सीटवर बसलेली मुलगी रंगवायची असेल तर तिचं वजन कुठे आहे ते आधी ठरवावं लागतं. तिघींच्या बाकावर चौथी टेकते तेव्हा तिचा एकच कुल्ला बाकावर असतो. पॅसेजकडचा पाय पुढे रोवलेला, गुडघा ताठ, आतल्या पायावर जवळजवळ भार नाही. कमरेतून ती आत वळते, खांदे पुन्हा पॅसेजकडे वळतात. पाठीची सॅक पोटाशी घेतली असेल तर पाठ मागे झुकते आणि हनुवटी पुढे येते. हे सगळं दहा मिनिटांच्या रेखाटनात येतं. फोटोवरून केलेल्या चित्रात चौघी ऐसपैस बसलेल्या असतात, कारण वेगवेगळ्या फोटोंतून आणून त्यांना बाकावर मांडलेलं असतं. कपड्यांचंही बघा. लेगिंगला चुण्या पडतात त्या घोट्याशी आणि गुडघ्याच्या मागे, मांडीवर नाही. सुती कुर्त्याला बसल्यावर जांघेपासून तिरप्या ताणाच्या रेषा जातात. दोन्हीकडे सारख्याच घड्या दिसल्या तर त्या सवयीने मारलेल्या आहेत. व्यवसायाने रेडिओलॉजिस्ट असलेले आणि ठाण्यात राहिलेले सुधीर पटवर्धन यांची 1970 च्या दशकापासूनची चित्रं या दृष्टीने बघावीत. माणसाचं शरीर जागेशी कसं जुळवून घेतं, हा त्यांच्या चित्रांतला पक्का धडा आहे.

‘मुली बसायला मिळत नाहीत’ ही तक्रार तुमच्यापर्यंत येईल. ती अर्धी खरी आहे. अमृता शेरगिलने 1932 साली पॅरिसमध्ये जे दोन तरुण मुलींचं चित्र केलं आणि ज्याला पुढच्या वर्षी तिथल्या सलाँचं म्हणजे मोठ्या वार्षिक प्रदर्शनाचं सुवर्णपदक मिळालं, त्यात बसल्या होत्या तिची बहीण इंदिरा आणि एक मैत्रीण. न्यूयॉर्कच्या चित्रकार इझाबेल बिशप (1902–1988) यांचा स्टुडिओ युनियन स्क्वेअरला होता. आसपासच्या ऑफिसांत आणि हॉटेलांत काम करणाऱ्या मुली हा त्यांचा विषय. आधी रेखाटन, बऱ्याचदा मग एचिंग (धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून काढलेला छाप), मग रंग, असा त्यांचा क्रम असे. त्यांचं 1935 चं दोन मुलींचं चित्र मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. ऐरोलीच्या आयटी पार्कातल्या किंवा वागळे इस्टेटमधल्या मुलीला रविवारची सकाळ तेवढी मिळते, हे धरून चाललं की काम जमतं.

बैठकीचा हिशोब असा. वीस मिनिटं पोझ, पाच मिनिटं सुट्टी. दोन तासांत चहा-गप्पा धरून चार पोझ, म्हणजे ऐंशी मिनिटं काम. 20 बाय 24 इंचाच्या डोकं-खांद्यांच्या चित्राला अशा सहा बैठका लागतात, म्हणजे दीड महिन्याचे रविवार. खुर्चीच्या चारही पायांभोवती आणि मुलीच्या पावलांभोवती मास्किंग टेपने खुणा कराव्यात, नजर जिथे ठेवायची तिथे भिंतीवर एक तुकडा चिकटवावा. कुर्ता तोच हवा, आणि केसांचा दिवसही तोच. धुतलेले केस आणि तेल लावलेले केस यांचा डोक्यावरचा आकारच बदलतो, हे पुरुष चित्रकारांना तिसऱ्या बैठकीला कळतं. पहिल्या बैठकीत कॅनव्हासला हात लावू नये, नुसती रेखाटनं करावीत. म्हणजे तीन रेखाटनांची अटही आपोआप पूर्ण होते. फी आधी ठरवावी आणि बैठक संपल्यावर लगेच द्यावी. मैत्रिणीला सोबत यायचं असेल तर तिच्यासाठी खुर्ची ठेवावी. ज्यांना एवढे रविवार मिळत नाहीत त्यांनी 8 बाय 10 इंचाच्या बोर्डवर एका बैठकीत ओल्यात ओलं, म्हणजे खालचा रंग सुकायच्या आत वरचा लावून, काम संपवावं. अशा छोट्या चित्रांना तुमच्या नियमात जागा नसते, किमान मापाची अट 24 बाय 30 इंच वगैरे असते. ती अट काढा. तिच्यामुळेच चित्रकार फोटो मोठा करून भरत बसतो.

वेळापत्रकही बदलावं लागेल. जूनमध्ये विषय जाहीर करून ऑगस्टमध्ये चित्र जमा, असं केलं की तैलचित्र ओलंच येतं. बर्न्ट अंबरचा पातळ थर दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो. कॅडमियम रेड किंवा आयव्हरी ब्लॅकचा जाड थर आठवडाभर आणि दमट हवेत त्याहून जास्त घेतो. घाईने वरचा थर आधी सुकला आणि खालचा नंतर आकसला की भेगा पडतात. खाली टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग आणि वर अळशीच्या तेलाचा, हा क्रम म्हणूनच पाळायचा. अर्जात ‘चित्र वार्निश केलेलं असावं’ असं एक वाक्य असतं. ते कुणी पहिल्यांदा लिहिलं देव जाणे. अंतिम वार्निश रंगाचे थर पूर्ण सुकल्यावर म्हणजे सहा महिने ते वर्षाने लावायचं असतं. पावसाळ्यात लावलं तर त्यावर पांढुरकी साय धरते. रिटच वार्निश (तात्पुरता पातळ हात) चालेल किंवा काहीच नको, असं लिहा. न सुकलेल्या चित्राला बबल रॅप गुंडाळून आणलं की मुलीच्या गालावर गोल गोल ठसे उमटतात. समोरच्या बाजूला काही टेकू देऊ नका, चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे जाड ठोकळे लावून मग बाहेरून गुंडाळा, ही सूचना अर्जातच छापा. ऑगस्टमध्ये विषय, जानेवारीच्या शेवटी जमा, असं वेळापत्रक ठेवलं तर ऑक्टोबरपासूनचा चांगला उजेडही सापडतो.

टांगणीबद्दल थोडक्यात. चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटर उंचीवर, दिव्यांच्या उजेडाचा रंग 4000 केल्विनच्या आसपास (आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचं माप, 90 च्या वर, प्रकाशझोत उभ्या रेषेशी सुमारे 30 अंशांत. 6500 केल्विनच्या ट्यूबखाली वर सांगितलेल्या सगळ्या उबदार सावल्या मरतात. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावा, भिंत आणि कॅनव्हास यांच्यात सेंटिमीटरभर हवा राहू द्या, नाहीतर ओल धरून मागून बुरशी येते.

शेवटची गोष्ट परवानगीची. चित्रातली मुलगी या शहरात राहते, तिचे सहकारी आणि घरमालक प्रदर्शनाला येऊ शकतात. तिची सही असलेला एक कागद अर्जासोबत मागा. मजकूर एवढा पुरे : ‘या चित्रासाठी मी स्वेच्छेने बसले आहे. चित्र प्रदर्शनात लावायला, कॅटलॉगमध्ये छापायला आणि विकायला माझी हरकत नाही. समाजमाध्यमांवर टाकायला हरकत आहे / नाही. माझं नाव द्यावं / देऊ नये.’ अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी पालकांची सही. हा कागद तुमच्या फाइलमध्ये राहील, भिंतीवर नाही.

आणि हक्कांचं कलम. ‘निवडलेल्या चित्रांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ हे वाक्य अर्जातून काढा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, कुणी मोबदला देऊन व्यक्तिचित्र करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट चित्र करून घेणाऱ्याचा. चित्रकाराने स्वतः मुलीला फी देऊन बसवलं असेल तर तो चित्रकाराचा. तो दुसऱ्याकडे जायचा तर सहीचा लेखी करार लागतो, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर कलम 19 प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते. तुम्हाला कॅटलॉग आणि जाहिरातीपुरतीच चित्रं हवी असतात. तेवढ्यापुरती परवानगी मागा, कुणीही देईल.

पुढच्या अर्जाचा मसुदा छापायला जाण्याआधी आम्हाला दाखवलात तर बैठकीच्या आणि परवानगीच्या कलमांची भाषा बसवून देऊ. रेखाटनं तपासताना परीक्षकांसोबत अर्धा दिवस बसायचीही आमची तयारी आहे. त्याचं मानधन नको.

कळावे,
आपले,
ठाणे आणि नवी मुंबईतले काही व्यक्तिचित्रकार आणि कलाशिक्षक